गाडीच्या रंगावर सुकलेले काँक्रीटचे शिंतोडे – रंग न घालवता कसे काढावेत?

मागची_सीट | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. जाणकारांनी कृपया वाट दाखवावी.

दहा दिवस बाहेरगावी होते. गाडी एका बांधकामाला लागून उभी होती. परत येऊन बघते तर डावी बाजू, बॉनेट, टप आणि पुढची काच काँक्रीटच्या शिंतोड्यांनी भरलेली. स्लॅबच्या दिवशी पंपाचा पाइप झटकला असणार. शर्टाच्या बटणाएवढे मोठे थेंब वीसेक असतील, बारीक मोजायचं धाडस झालं नाही. रंग गडद निळा, त्यामुळे गाडीला देवी आल्यासारखं दिसतंय.

एक थेंब नखाने काढून बघितला. नख तुटलं, थेंब जागेवर. अजून गाडी धुतलेली नाही. काही वेडंवाकडं करून बसण्याआधी विचारावं म्हटलं.

---

ठोक_मोजमाप | सोमवार, रात्री ९:५८

सोपं आहे. दाढीचं नवं ब्लेड घ्या, साबणाचं पाणी लावा, ब्लेड आडवं धरून सरकवा. खपलीसारखं निघतं. मी काचेवरचं असंच काढतो.

---

रंगपारखी | सोमवार, रात्री १०:१५

ताई, वरचा सल्ला रंगावर वापरू नका. ठोक_मोजमाप, राग नसावा, पण काच आणि रंग यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मी बारा वर्षं गाड्यांच्या रंगाचंच काम करतो. कंपनीतून आलेल्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतात. त्यातला वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअरकोट, ४०-५० मायक्रॉनचा. डोक्याचा केसही बहुधा त्याहून जाड असतो. चकाकी आणि उन्हापासूनचं संरक्षण त्या थराच्या जिवावर असतं. ब्लेडचा कोपरा एकदा रुतला की तो चरा पॉलिशने जात नाही.

माझ्याकडे काँक्रीट लागलेल्या ज्या गाड्या येतात, त्यांतल्या बहुतेकींचा रंग काँक्रीटने गेलेला नसतो. मालकाने रविवारी सकाळी बसून तो घालवलेला असतो.

उद्या सविस्तर लिहितो. तोवर तीन गोष्टी करू नका: कोरडं फडकं फिरवू नका, ब्रशवाल्या यंत्रातून गाडी धुऊन आणू नका आणि वायपर चालवू नका. वायपरची दांडी चुकून दाबली जाते, म्हणून पाती आत्ताच उचलून उभी करून ठेवा.

---

मागची_सीट | सोमवार, रात्री १०:२२

पाती उभी केली. गाडी आता शरण आल्यासारखी दिसतेय.

---

चुनाभट्टी | मंगळवार, सकाळी ७:३०

मी सिमेंटवाला माणूस, गाड्यांतलं काही कळत नाही. पण शत्रू कोण आहे ते सांगतो.

काँक्रीट सुकतं असं आपण म्हणतो, ते खरं नाही. ते पाण्याशी रासायनिक क्रिया करून घट्ट होतं, म्हणून तर पाण्याखालीही कडक होतं. त्या क्रियेत दोन मुख्य गोष्टी तयार होतात. एक चिकटून धरणारा कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट आणि दुसरा चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. या दोघांनी वाळूचे कण धरून ठेवलेले असतात. ताज्या मालाचा सामू (pH) १२-१३ असतो, चांगलाच दाहक. दहा दिवसांत त्याची ताकद बरीच भरलेली असणार. २८ दिवसांची ताकद प्रमाण धरतात, पण पहिल्या आठवड्यातच निम्म्याहून जास्त येऊन गेलेली असते. म्हणजे ताई, तुम्ही नखाने ज्याच्याशी लढलात तो तसा तरुणच होता.

यातला चुना आम्लात विरघळतो, बांधून धरणारा भागही आम्लाने मोडून मऊ, बुळबुळीत होतो. वाळूला मात्र व्हिनेगर काय नि लिंबू काय, ढिम्म काही होत नाही. वाळू म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झ, मोहच्या कठीणतेच्या मापावर ७. साधी काच ५.५ च्या आसपास. क्लिअरकोट तर या स्पर्धेत कुठेच नाही.

म्हणून लक्षात ठेवायचं ते इतकंच, की सिमेंट विरघळवता येतं, वाळू फक्त वाहून न्यावी लागते. थेंब मऊ झाला की लोक खूश होऊन फडक्याने पुसतात, आणि नेमके तेव्हाच मोकळे झालेले कण रंगावर फिरतात.

---

उलटा_गियर | मंगळवार, सकाळी ८:०५

एवढं कशाला? फरशीवरचं सिमेंट काढायला मिळतं ते ऍसिड आणा. दोन मिनिटांत फसफसून साफ.

---

पोळलेला | मंगळवार, सकाळी ८:४१

उलटा_गियर, ती दोन मिनिटं मी जगलोय, म्हणून लिहितो.

चार वर्षांपूर्वी गाडी धुणाऱ्या एकाने हाच उपाय केला. मीही शेजारी उभा राहून मान डोलावली. फसफसलं, थेंब गेले, वा वा झाली. दुसऱ्या दिवशी खिडक्यांच्या कडेच्या चकाकत्या पट्ट्या पांढुरक्या, डागाळलेल्या. दाराच्या कडेला जुना टवका होता, तिथे पत्रा तांबूस. आठवड्याने ब्रेकच्या चकतीजवळचे स्क्रू गंजले. रंग बऱ्यापैकी वाचला हे कबूल, पण गाडी म्हणजे नुसता रंग नव्हे.

---

चुनाभट्टी | मंगळवार, सकाळी ९:१०

ते हायड्रोक्लोरिक ऍसिड. ॲल्युमिनियम, जस्ताचा मुलामा, क्रोम, उघडं पोलाद, कुणालाच सोडत नाही. नुसत्या वाफेनेही आसपासचं लोखंड गंजतं आणि छातीला त्रास होतो तो वेगळाच.

चाकं साफ करायच्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं, त्याच्या तर वाटेलाही जाऊ नका. ते काच खातं, आणि कातडीतून आत शिरून शरीरातल्या कॅल्शियमला धरतं. बाटलीवरचा मजकूर वाचल्याशिवाय 'चाकाचं आहे, चालेल' म्हणू नये.

---

रंगपारखी | मंगळवार, दुपारी १:२०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

सगळ्यात आधी फोटो. प्रत्येक पत्र्याचे जवळून, आणि गाडी व बांधकाम एका चौकटीत येईल असे लांबून. भरपाई मागायची असेल, विम्याला कळवायचं असेल, तर धुण्याआधीचे फोटो लागतात. साफ केल्यावर सांगायला गेलात तर समोरचा म्हणतो, कुठे काय, गाडी तर चकचकीत आहे.

गाडी सावलीत घ्या. पत्रा हाताला गार लागला पाहिजे. तापलेल्या पत्र्यावर काहीही लावलंत तरी ते वाळून डाग धरतं.

मग नुसतं पाणी, भरपूर. नळी वरून सोडायची, वरून खाली, हात न लावता. धूळ आणि सुटी वाळू आधी जाऊ द्या. त्यानंतर गाडीचा शाम्पू, पण थेंब असलेल्या पत्र्यावर तो फक्त ओतायचा, घासायचा नाही. फोमचा फवारा असेल तर उत्तमच.

आता मुख्य काम. साधं पांढरं व्हिनेगर, ५ टक्क्यांच्या आसपासचं. ते नुसतं शिंपडलं तर घरंगळून जातं. म्हणून कापसाचा बोळा किंवा घडी केलेला टिश्यू व्हिनेगरमध्ये निथळेपर्यंत भिजवायचा, थेंबावर ठेवायचा, वर पातळ प्लॅस्टिकचा तुकडा लावून कडा चिकटपट्टीने दाबायच्या. पंधरा-वीस मिनिटं. मग बोळा सरळ वर उचलायचा, ओढायचा नाही. पाण्याची धार. पुन्हा नवा बोळा. तोच पुन्हा वापरायचा नाही, त्यात वाळू असते.

दोन-चार फेऱ्यांत थेंबाची कड सुटते. कड सुटलेली दिसली, तरच प्लॅस्टिकचं जुनं कार्ड किंवा प्लॅस्टिकचं ब्लेड त्या कडेखाली घालून अलगद उचलायचं. ताकद लागतेय असं वाटलं की थांबायचं, याचा अर्थ तो थेंब अजून तयार नाही.

आधी खाली, सहज दिसणार नाही अशा एका थेंबावर करून बघा. रंग नुकताच नव्याने मारलेला असेल तर तो मऊ असतो, फार जपून. मॅट रंग असेल तर हे सगळं विसरा आणि माणूस गाठा, कारण मॅटवर शेवटी पॉलिश मारता येत नाही.

---

शंकेखोर | मंगळवार, दुपारी २:०२

व्हिनेगरने क्लिअरकोट जाणार नाही का? तेही आम्लच.

---

रंगपारखी | मंगळवार, दुपारी २:३०

पंधरा-वीस मिनिटं, गार पत्रा, नंतर भरपूर पाणी, एवढं पाळलं तर चांगल्या स्थितीतल्या रंगाला काही होत नाही. वॅक्स मात्र जातं, ते शेवटी पुन्हा लावायचं. रात्रभर ठेवून झोपी जाऊ नका. जिथे टवका उडून पत्रा उघडा पडलाय तिथे व्हिनेगर नको, किंवा लगेच धुऊन कोरडं करा.

---

चुनाभट्टी | मंगळवार, दुपारी ३:१५

फेऱ्या का लागतात त्याचा हिशेब, ज्यांना आवड आहे त्यांच्यासाठी. ७४ ग्रॅम चुन्याला १२० ग्रॅम ॲसेटिक आम्ल लागतं. म्हणजे एका ग्रॅमला साधारण १.६ ग्रॅम. ५ टक्क्यांच्या व्हिनेगरमध्ये एवढं आम्ल मिळायला ३२ मिली लागतं, दोन मोठे चमचे भरून. बोळ्यात मावतं किती? पाच मिली. थोडक्यात, पंधरा मिनिटांनी त्या बोळ्यातलं आम्ल बरंचसं संपलेलं असतं, आणि तुम्ही व्हिनेगरचा वास असलेलं पाणी ठेवून बसलेले असता. वेळ वाढवण्यापेक्षा बोळा बदला.

सुरुवातीला बारीक बुडबुडे दिसतील. थेंबाच्या पृष्ठभागावरचा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कार्बोनेट झालेला असतो, त्याचे ते बुडबुडे. थांबले म्हणून काम थांबलं असं नाही. आतला चुना गुपचूप विरघळतो.

---

शंकेखोर | मंगळवार, दुपारी ३:४०

आणि साखरेचं पाणी? एका मिस्त्रीने सांगितलं होतं.

---

चुनाभट्टी | मंगळवार, संध्याकाळी ५:०५

मिस्त्री बरोबर आहे, पण वेळ चुकली. साखर ताज्या मालाचं घट्ट होणं अडवते. सिमेंटच्या वजनाच्या हजारात एक भाग साखरसुद्धा त्याला चांगलंच रखडवते. त्यामुळे शिंतोडे उडाल्यावर तासाभरात हाती लागलात, तर साखरेच्या पाण्याने भिजवून नळीने धुणं फार कामाचं. घट्ट झाल्यावर तिचा जोर कमी. साखरेच्या पाण्यात चुना साध्या पाण्यापेक्षा जास्त विरघळतो हे खरं, आणि सिमेंट काढायची काही तयार द्रावणं याच तत्त्वावर बनवलेली असतात. रंगाला, धातूला सौम्य, पण वेळ खातात. घरच्या साखरेच्या पाण्याने दहा दिवसांचा थेंब काढायचा म्हणजे मुंगीने डोंगर पोखरायचा. मुंग्या येतील हे मात्र नक्की.

---

मागची_सीट | मंगळवार, रात्री १०:५०

आज अहवाल देण्यासारखं आहे.

फोटो काढले. बांधकामावरच्या मुकादमाला दाखवले, त्याने 'साहेबांना सांगतो' म्हटलं. साहेब अदृश्य आहेत.

मागच्या दाराच्या खालच्या कडेला एका थेंबावर प्रयोग केला. पहिला बोळा उचलला तर थेंब फक्त काळपट ओला, हिरमोड. दुसऱ्यानंतर रंग उतरल्यासारखा फिकट राखाडी झाला आणि कडेला केसाएवढी फट दिसली. भिंग घेऊन बसले होते. तिसऱ्यानंतर धार सोडली, आणि थेंबाचा वरचा थर शेवाळासारखा सुटून वाहून गेला. खाली उरले वाळूचे सातआठ कण, अगदी स्वच्छ, एकेक सुटा, चमकणारा. इथे हात अक्षरशः शिवशिवले हो. बोटाने एकदा फिरवलं की झालं असं वाटत होतं. चुनाभट्टी, तुमचं वाक्य आठवलं म्हणून बोट मागे घेतलं. पुन्हा धार. पाच कण गेले. चौथा बोळा, धार, सगळं साफ.

एक थेंब, एक तास दहा मिनिटं. आता उरले वीसेक. पण एकाच वेळी सहा-सात बोळे लावता येतील असा हिशेब केलाय.

---

ठोक_मोजमाप | मंगळवार, रात्री ११:१०

मानलं ताई. ब्लेड खाली ठेवलं.

---

रंगपारखी | बुधवार, सकाळी ८:००

छान चाललंय. पुढच्या काचेबद्दल सांगायचं राहिलं. काचेला व्हिनेगरची भीती नाही, तीच बोळ्याची पद्धत. ठोक_मोजमाप यांचं ब्लेड इथे चालतं, पण थेंब भिजून मऊ झाल्यावर, काच सतत ओली ठेवून, एकाच दिशेने, पुढे-मागे नाही. कोरड्या थेंबावर ब्लेड मारलं की वाळूचा कण ब्लेडखाली अडकतो आणि काचेवर रेघ उठते. नेमकी चालवणाऱ्याच्या डोळ्यासमोर.

हेडलाइट काच समजू नका. त्या प्लॅस्टिकच्या असतात, वर पातळ संरक्षक थर. तिथे ब्लेड अजिबात नको. खरखरीत काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर व्हिनेगर आणि मऊ दात घासायचा ब्रश चालतो, तिथे ओरखड्याची चिंता कमी आणि खाचांत अडकलेला माल जास्त.

मागे बघायचा कॅमेरा, पार्किंगचे सेन्सर, दारांच्या फटी, डिकीच्या रबराखालची पन्हाळ हेही तपासा. पातळ माल ओघळून तिथे जाऊन बसतो.

---

पोळलेला | बुधवार, सकाळी ९:२५

बॉनेटच्या जाळीतून रेडिएटरवर गेलंय का तेही टॉर्च मारून बघा. तिथल्या पात्या ॲल्युमिनियमच्या. माझ्या गाडीत तीन-चार थेंब होते, मी हात लावला नाही, आजही आहेत, काही बिघडलं नाही. टोकरायला गेलो असतो तर पात्या वाकल्या असत्या.

---

नवशिकी | बुधवार, सकाळी ११:००

वाचनखूण साठवली. एक प्रश्न: वासासाठी व्हिनेगरनंतर फरशीचं ब्लीच पाण्यात घालून धुतलं तर?

---

चुनाभट्टी | बुधवार, सकाळी ११:०४

नको! आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगरचा वास दुसऱ्या दिवशी आपोआप जातो. फारच वाटलं तर पाण्यात थोडा खायचा सोडा घालून शेवटचं धुवा, मग साधं पाणी.

---

मागची_सीट | रविवार, संध्याकाळी ६:३०

चार संध्याकाळी आणि आजचा अख्खा दिवस. मोठे थेंब सगळे गेले. दोन हट्टी होते, सहा-सहा बोळे खाल्ले. एक कार्डाने उचलताना टचकन उडून चष्म्यावर आदळला. चष्मा नसता तर काय, असा विचार करून थोडा वेळ बसून राहिले.

बारीक ठिपके वेगळेच निघाले. ते एकेक भिजवण्यात अर्थ नव्हता, म्हणून व्हिनेगरात भिजवलेलं अख्खं मायक्रोफायबर फडकं टपावर अंथरलं, प्लॅस्टिक टाकलं, दर दहा मिनिटांनी वरून व्हिनेगर ओतलं. तीन वेळा केल्यावर धारेखाली बहुतेक गेले. उरलेले बोटाला खरखरीत लागतात, दिसत नाहीत.

पण आता नवीन प्रकार. थेंब होते तिथे काही ठिकाणी पांढरट वर्तुळं उरलीत. ओलं असताना दिसत नाहीत, वाळलं की उमटतात. हे काय?

---

रंगपारखी | रविवार, रात्री ८:१५

खरखरीसाठी डिटेलिंगची क्ले, म्हणजे रंगावर चिकटलेले कण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी. भरपूर निसरडं द्रावण मारून, वजन न देता सरकवायची, आणि दर दोन हातांनी तिची घडी मोडून स्वच्छ बाजू वर घ्यायची. जमिनीवर पडली तर फेकून द्या, जीव तुटला तरी.

वर्तुळांचे दोन प्रकार. एक, वर साचलेला चुन्याचा पापुद्रा. त्यावर व्हिनेगरचा एक हलका हात फिरवून धुतलं की जातो. दोन, दाहक मालाने क्लिअरकोट थोडा मंद झालेला. तो धुऊन जाणार नाही, त्याला बारीक पॉलिश लागतं. हाताने, मऊ पॅडवर थोडंसं पॉलिश घेऊन एका वर्तुळावर करून बघा. एका खेपेला एखाद-दोन मायक्रॉन जातात, परवडतं. घासायचा कागद (सँडपेपर) वापरायच्या भानगडीत घरी पडू नका, २०००-३००० नंबरचा कागदही पॉलिशपेक्षा खूप जास्त थर खातो आणि किती उरलाय हे जाडी मोजायच्या यंत्राशिवाय कळत नाही.

---

शंकेखोर | रविवार, रात्री ८:४०

त्यापेक्षा सरळ सगळ्या गाडीला मशीनने बफिंग करून घेतलं तर?

---

रंगपारखी | रविवार, रात्री ८:५२

चार वर्तुळांसाठी अख्खी गाडी का सोलायची? आणि क्लेआधी मशीन लावलं तर उरलेली वाळू पॅडमध्ये जाऊन गोल गोल फिरेल. त्या नक्षीचे फोटो मी ग्राहकांना दाखवत असतो.

---

मागची_सीट | पुढचा शनिवार, सकाळी ११:२०

शेवटचा अहवाल. नऊ वर्तुळांपैकी पाच व्हिनेगरने गेली, म्हणजे पापुद्रा होता. दोन पॉलिशने. टपावरची दोन तिरप्या उन्हात अजून दिसतात, तीही मी दाखवली तर. ती ठेवून देणार आहे, त्यांच्यासाठी आणखी रंग घालवायचा नाही. वॅक्स लावलं. मुकादमाच्या साहेबांचा फोन आला, फोटो पाठवा म्हणाले. पाठवलेत.

रंगपारखी, चुनाभट्टी, पोळलेला, तुम्हा तिघांचे खूप आभार. ठोक_मोजमाप, काचेवर तुमचंच ब्लेड चालवलं.

आत्ता सामान ठेवायला डिकी उघडली. रबराखालच्या पन्हाळीत वीतभर लांब ओघळ आहे, दगड झालेला. व्हिनेगरच्या बाटलीत तळाशी थोडं शिल्लक आहे, ती आणायला चाललेय.